वडिलांची बायपास, मेडिक्लेम नाही, एस्टिमेट साडेतीन लाख: काय करायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ५८ वर्षांचे, हर्णैला बोटीवर खलाशी, अँजिओग्राफीत तीन ब्लॉकेज निघालेत, डॉक्टरांनी महिन्याभरात बायपास करून घ्या सांगितलंय, मुंबईतल्या एका हॉस्पिटलने साडेतीन लाखांचं एस्टिमेट हातात दिलंय, मेडिक्लेम घरात कुणाचाच नाही, रेशनकार्ड केशरी आहे ते गावाला, आणि तुम्ही नालासोपाऱ्याला भाड्याने राहून गोडाऊनमध्ये काम करता. नि शेवटी विचारलंय की कुठल्या हॉस्पिटलात डिस्काउंट मिळेल.

मी अकरा वर्षं मुंबईत एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात समाजसेवा विभागात होते, म्हणजे एमएसडब्ल्यू (मेडिकल सोशल वर्कर), पेशंटचे नातेवाईक जिला 'त्या चिठ्ठीवाल्या मॅडम' म्हणतात ती. आता सात वर्षं चिपळूणला असते आणि आसपासच्या तालुक्यातले लोक कागद घेऊन येतात त्यांना वाट दाखवते. त्या अनुभवावरून सांगते, डिस्काउंट हा शब्द आधी बाजूला ठेवा. डिस्काउंट म्हणजे बिल झाल्यावर कुणाच्या तरी हातापाया पडून पाच-दहा टक्के कमी करून घेणं, साडेतीन लाखाचे सव्वातीन लाख होतात नि तुमची पत संपते. तुम्हाला हवंय ते वेगळं आहे. बाबा ॲडमिट होताना हॉस्पिटलच्या कम्प्युटरवर त्यांच्या नावापुढे कुठला प्रकार पडतो, कॅश, योजना (सरकारी आरोग्य योजना) की धर्मादाय, यावर सगळं ठरतं. त्याच वॉर्डात शेजारी शेजारी दोन खाटा असतात, डॉक्टर तेच, ऑपरेशन तेच, एकाचं बिल लाखात नि दुसऱ्याचं शून्य, मी हे रोज बघितलंय.

आणि हा प्रकार एकदा पडला की बदलणं फार कठीण. तुमच्याच दापोली तालुक्यातल्या एका घराचं सांगते. मुलगा रात्री अकराला वडिलांना घेऊन पोचला, काउंटरवरच्या माणसाने पन्नास हजार डिपॉझिट सांगितलं, याने मित्रांकडून जीपे करून भरलं आणि फॉर्मवर सही केली. तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये कुणीतरी सांगितलं की अरे इथे योजना चालते. तो आरोग्यमित्राकडे, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडे, गेला तर उत्तर मिळालं, तुमचा पेशंट कॅशमध्ये ॲडमिट आहे, आता कसं होणार. मला फोन आला तेव्हा चौथा दिवस होता. भांडून भांडून ऑपरेशन योजनेत बसवलं, पण त्याआधीच्या चार दिवसांचे जे पैसे गेले ते गेलेच. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, असं एकाच ठिकाणी होतं अशातला भाग नाही. त्या मुलाची चूक म्हणाल तर एवढीच की त्याने 'किती भरायचे' हे आधी विचारलं आणि 'योजनेचा डेस्क कुठे आहे' हे विचारलंच नाही.

तर पहिली वाट योजनेची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी, २०१२ साली आठ जिल्ह्यात सुरू झालेली, गावाकडे अजून 'जीवनदायी'च म्हणतात. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड असलं तरी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. बायपास यात बसते. ऑपरेशन, त्यासाठीच्या तपासण्या, औषधं, पेशंटचं जेवण, परतीचा प्रवासखर्च आणि डिस्चार्जनंतरची दहा दिवसांची औषधं, हे सगळं पॅकेजमध्ये धरलेलं असतं. म्हणजे तुमच्या केसमध्ये साडेतीन लाखाचा आकडा खरं तर मनातून पुसून टाकायचा, जर कागद बरोबर असतील तर. हा 'जर' मोठा आहे.

कागदाचं कोकणात हमखास काय होतं ते ऐका. कार्ड गावच्या घराचं, आजोबांच्या नावाने, त्यावर काका, काकू, लग्न होऊन गेलेली आत्या, वारलेली आजी सगळे असतात आणि ज्याचं ऑपरेशन त्याचंच नाव नसतं, कारण मधे कधीतरी मुंबईचं कार्ड काढायचं म्हणून नाव कमी करून घेतलं आणि मुंबईचं कार्ड काही झालंच नाही. किंवा नाव असतं पण वेगळं. मागच्या पावसाळ्यात एक बाई आली होती, नवऱ्याचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तरी ओल लागून पानं चिकटलेली, सेलोटेपने जोडलेलं. कार्डावर 'पांडू', आधारवर 'पांडुरंग', आणि बँकेत 'पी' पुढे टिंब. गावात सगळ्यांना ठाऊक की तिन्ही एकच माणूस, पण मशीनला ठाऊक नाही. तिला दोन दिवस तहसील ऑफिसच्या पुरवठा शाखेत बसावं लागलं. तेव्हा तुम्ही आजच्या आज आईला फोन करून कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो मागवा, बाबांचं नाव आहे का, आधारवरच्या स्पेलिंगशी जुळतं का, आणि कार्ड ऑनलाइन झालंय का, म्हणजे त्याला बारा आकडी नंबर आहे का, एवढं बघा. नसेल तर दापोलीला पुरवठा शाखेत हॉस्पिटलचं पत्र घेऊन जायचं. नुसतं 'नाव चढवा' म्हटलं की अर्ज ढिगात जातो, ऑपरेशनच्या तारखेचं पत्र जोडलं की माणूस मान वर करून बघतो.

आयुष्मान कार्ड काढून ठेवलं तर उत्तम, ग्रामपंचायतीतला केंद्रचालक किंवा वाडीतली आशाताई करून देते, आधारला मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे एवढंच. तुमच्या आजी ७४ च्या आहेत असं लिहिलंय म्हणून जाता जाता सांगते, ७० च्या वरच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्न न बघता, ५ लाखांचंच, त्यांचंही त्याच खेपेला काढून घ्या.

आता हॉस्पिटल. नुसतं 'योजना आहे का' विचारू नका. योजना असलेलं प्रत्येक हॉस्पिटल प्रत्येक आजारासाठी योजनेत नसतं, एखाद्या ठिकाणी हाडांचं होतं आणि हृदयाचं होत नाही. १५५३८८ हा टोल फ्री नंबर आहे, त्यावर फोन करून 'बायपाससाठी, म्हणजे हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी योजनेत कुठली हॉस्पिटलं' असं विचारा, मग त्या हॉस्पिटलात जाऊन आधी आरोग्यमित्राला भेटा, ओपीडीच्या आसपास त्याचं टेबल असतं, टेबल रिकामं असेल तर थांबा, चहाला गेलेला असतो. अँजिओग्राफीची सीडी आणि रिपोर्ट दाखवून तिथल्या सर्जनची ओपीडी करून घ्यायची, त्याने बायपास लिहून दिलं की मंजुरीसाठी केस ऑनलाइन जाते. मंजुरी आली की ॲडमिशन. मंजुरीच्या आधी एक रुपया डिपॉझिट भरू नका, कुणी म्हणालं 'तात्पुरतं भरा, नंतर परत मिळेल' तर लेखी द्या म्हणायचं, लेखी कुणी देत नाही आणि विषय तिथेच मिटतो.

दोन गोष्टी ऐकायला मिळतील. एक, 'योजनेच्या खाटा भरल्यात, पुढच्या महिन्यात या'. हे कधी खरं असतं, कधी नसतं, बाहेरून कळत नाही, म्हणून एकाच हॉस्पिटलवर विसंबू नका, दोन-तीन ठिकाणी सर्जनला दाखवून ठेवा. दोन, 'योजनेत साधं सामान येतं, चांगलं हवं तर वरचे चाळीस हजार'. योजनेत पॅकेजच्या वर पैसे घ्यायचे नसतात. अशा वेळी आवाज चढवू नका, शांतपणे आरोग्यमित्राला सांगा आणि तिथूनच १५५३८८ ला तक्रार करा. आपल्याकडच्या लोकांना भीती वाटते की तक्रार केली तर डॉक्टर नीट बघणार नाही. माझ्या इतक्या वर्षांत ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला बहुतेक वेळा माहीत पण नव्हतं की खाली काउंटरवर काय मागितलं जातंय.

दुसरी वाट धर्मादाय हॉस्पिटलची, माझी नोकरी तिथेच झाली म्हणून जरा जास्त लिहिते. ट्रस्टने चालवलेली जी हॉस्पिटलं धर्मादाय म्हणून नोंदलेली आहेत, मुंबईतली लीलावती, जसलोक, हिंदुजा, बॉम्बे हॉस्पिटल अशी मोठमोठी नावं त्यात येतात, त्यांना सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन पेशंटला पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकाला सवलतीत ठेवाव्या लागतात. हा खर्च भागवायला बाकीच्या पेशंटच्या बिलातले २ टक्के वेगळ्या फंडात टाकतात. म्हणजे हे कुणा शेठजीचं दान नाही, काचेचं दार आणि एसी बघून आपला माणूस बाहेरच्या बाहेर वळतो तसं वळायचं काही कारण नाही. सध्या निर्धन म्हणजे वर्षाचं कुटुंब उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. दुर्बल गटात खाट, नर्सिंग असल्या गोष्टींचे पैसे लागत नाहीत, बाकीचं सगळ्यात खालच्या दराने, आणि औषधं-सामान खरेदीच्या किमतीत, त्यातला निदान अर्धा भाग आपण भरायचा.

यात गाडी अडते ती तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर. खलाशाला पगाराची स्लिप नाही, म्हावऱ्यातला वाटा मिळतो, जून-जुलै बंदीत शून्य. आणि वर सातबारा. लोक मला म्हणतात, मॅडम आमच्या नावावर जमीन आहे, आम्ही गरिबात कसे बसणार. मी सातबारा मागते आणि बघते तर एका तुकड्यावर सदतीस नावं, निम्मी माणसं मयत, तुकड्यात चार काजू नि एक न धरणारं कलम. अहो यांच्या वाट्याला वर्षाला काजूची एक पिशवी पण येत नाही. तलाठ्याला हे सगळं ठाऊक असतं. त्याच्याकडे जाऊन ठरलेल्या बोलीचे किती मिळतात, बंदीचे किती महिने, बोटमालक काय देतो हे खरं खरं सांगायचं, बोटमालकाचं साध्या कागदावर लिहिलेलं पत्र घ्यायचं, आणि दाखला 'वैद्यकीय कारणासाठी' असा मागायचा. खोटं उत्पन्न दाखवू नका, गरज नसते, आमच्याकडे सर्वात जास्त नाकारलेले अर्ज हे बारा हजार रुपये वार्षिक उत्पन्न लिहून आणलेले असायचे, कारण हजार रुपये महिन्यावर पाच माणसं जगतात हे कुणालाच पटत नाही. तुमचा पगार त्यात धरतात का, हे तुमचं नाव कुठल्या कार्डावर आहे आणि तलाठी चौकशीत काय लिहितो यावर आहे. तुमचं नाव अजून गावच्याच कार्डावर असेल तर बहुधा धरतील, पण सगळं मिळून ३ लाख ६० हजारांच्या आत राहत असेल तर दुर्बल गट आहेच.

दाखला, रेशनकार्ड, आधार, डॉक्टरची चिठ्ठी घेऊन हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जायचं, सकाळी, ओपीडी सुरू होताना. दुपारी चारनंतर आमच्यासारख्यांचं डोकं चालत नाही, हे आतलं सांगते. 'फंड संपलाय' असं उत्तर आलं तर नकार लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार टाका, मुख्य ऑफिस वरळीला आहे, रत्नागिरीलाही कार्यालय आहे. खाटा किती रिकाम्या आहेत ते धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट मोबाईलमध्ये घेऊन गेलात तर बोलण्यात फरक पडतो. आणि मुंबईच कशाला, आपल्याकडे डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल ट्रस्टचंच आहे, तिथे आधी फोन करून विचारा, घराजवळ काम झालं तर आईची परवड वाचते. सिंधुदुर्गातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांचा ओढा बांबोळीकडे, म्हणजे गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजकडे असतो, गोव्याने २०१८ पासून बाहेरच्या पेशंटला पैसे लावलेत, त्यामुळे निघायच्या आधी तिथलं विचारून निघा.

तिसरी वाट मुंबईतल्या पालिकेच्या नि सरकारी हॉस्पिटलांची, केईएम, नायर, सायन, जेजे. इथे खर्च कमीच आणि योजनाही चालते, सर्जनचे हात तर असे की आम्ही स्टाफवालेसुद्धा घरच्यांना तिथे नेतो. अडचण तारखेची. बायपासला काही आठवडे ते काही महिने लागू शकतात. पण सर्जनला रिपोर्ट दाखवून नाव लावून ठेवायला काय जातं, केसपेपरला किरकोळ पैसे. इकडे योजनेत आधी झालं तर तिकडची तारीख सोडून द्या.

मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक ट्रस्ट वगैरे सगळे पहिल्यांदा सुचवतात, मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. तिथून मिळते ती भर, पूर्ण बिल नाही, आणि पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातात, तेही उपचार चालू असताना अर्ज केला तर. डिस्चार्ज घेऊन, बिल भरून, मग पावत्या घेऊन गेलात तर काही होत नाही. शिवाय योजनेत किंवा धर्मादायमध्ये बसणारी केस असेल तर निधीवाले आधी तिकडेच पाठवतात. या अर्जांना एक पैसाही लागत नाही. हॉस्पिटलच्या गेटवर 'साहेबांकडून लेटर आणून देतो, दहा टक्के द्या' म्हणणारे भेटतील, त्यांना लांबून नमस्कार. तुम्ही मच्छीमार सोसायटीच्या विम्याचं विचारलंय, तो अपघाताचा असतो, आजारपणाला चालत नाही.

आता जे माझ्या हातात नाही ते. हे सगळं करायला तुमच्याकडे वेळ किती आहे ते डॉक्टर ठरवणार. महिनाभर चालेल म्हणालेत तर आठ-दहा दिवस कागदाला देता येतील. पण बाबांना बसल्या बसल्या छातीत दुखायला लागलं, घाम सुटला, तर कागद, योजना सगळं विसरून १०८ लावायची आणि दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं, तिथे ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे नाहीत. इमर्जन्सीत धर्मादाय हॉस्पिटललाही डिपॉझिट मागता येत नाही आणि योजनेत फोनवरून मंजुरी घ्यायची सोय आहे, आरोग्यमित्राला ते माहीत असतं. आणि बाबा म्हणतायत ना की बोट लागलेय, दिवाळीनंतर बघू, ते ऐकू नका. जाळं ओढणं तर आत्ताच बंद. मालकाशी तुम्ही बोला, बाबा बोलणार नाहीत.

ऑपरेशननंतर गोळ्या जन्मभर चालतात आणि खरा खर्च तिथे मुरतो, महिन्याला दीड-दोन हजार म्हणजे खलाशाला जड. त्यासाठी डिस्चार्जच्या वेळीच डॉक्टरांना सांगा की औषधांची मूळ नावं लिहून द्या, कंपनीची नकोत. जनऔषधीमध्ये त्याच गोळ्या निम्म्याहून स्वस्त मिळतात, बीपी-शुगरच्या आणि रक्त पातळ करायच्या काही गोळ्या तर सरकारी रुग्णालयातच फुकट. दुकानदाराने 'हे हलकं आहे' म्हटलं तरी स्वतःहून बदलू नका, डॉक्टरांना दाखवून बदला.

उद्यासाठी एवढंच करा. आईला कार्डाचे फोटो पाठवायला सांगा, गावातल्या भावाला तलाठ्याकडे पाठवा, अँजिओग्राफीच्या सीडीची कॉपी काढून घ्या (एकच असते नि ती नेमकी पहिल्या हॉस्पिटलात राहते) आणि ते साडेतीन लाखवाले परत फोन करतील तेव्हा 'घरच्यांशी बोलून कळवतो' म्हणा, टोकन म्हणून पाच हजार पण पाठवू नका. मग इथेच खाली दोन गोष्टी लिहा: रिपोर्टमध्ये ईएफ (हृदय दर ठोक्याला किती रक्त पुढे ढकलतं तो आकडा) म्हणून किती टक्के लिहिलंय, आणि रेशनकार्डावर बाबांचं नाव कसं आहे. त्यावर बघून पुढचं सांगते. कार्डाचे नि आधारचे फोटो मात्र इथे टाकू नका, लोक नंबर उचलतात.